‘घरबसल्या शास्त्रज्ञा’कडून उत्तर

मोरीचं पाणी झिओलाइट या सच्छिद्र खनिजातून गाळून त्यावर बाग जगवण्याच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : “ॲपोफिलाइट हा झिओलाइट नव्हे. झिओलाइट अमोनिया धरतो, जंतू मारत नाही. तो पुन्हा वापरायचा तर मिठाच्या पाण्याने धुवावा लागतो. ते खारट पाणी कुठे ओतता? हल्ली घरबसले शास्त्रज्ञ फार झालेत.”

ॲपोफिलाइट या खनिजाचं मान्य, त्याला मी झिओलाइट म्हटलं होतं. खाणीत दोन्ही एकाच पोकळीत सापडतात म्हणून गफलत झाली. दुरुस्ती केली आहे, आभार.

आता ‘घरबसले’. अहो, पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींच्या कडेकडेने शाळेत गेलोय मी. सुरुंग उडाला की काळ्या दगडाच्या पोटातून स्टिल्बाइट हा झिओलाइट निघायचा, पेंढी बांधल्यासारखा. खिसे भरून घरी आणायचो आणि चड्डी फाटली म्हणून आईचा मार खायचो. याच स्टिल्बाइटला 1756 साली क्रोनस्टेट या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाने आच दिली, आतलं पाणी वाफ होऊन फसफसलं, म्हणून ‘उकळणारा दगड’ अशा अर्थाचं झिओलाइट हे नाव पडलं. हे मला कुणी व्हॉट्सॲपवर पाठवलेलं नाही. घरी टँकरचं पाणी. आंघोळीचं अळूला, भांड्यांचं केळीला. सांडपाण्याचा हिशोब मी तुमच्याकडून शिकायचा?

माझ्या पिंपात तळाला खडी, त्यावर वाळू आणि वर मत्स्यालयाच्या दुकानातून आणलेला क्लिनॉप्टिलोलाइट, म्हणजे झिओलाइटचाच एक प्रकार, आहे. त्याची छिद्रं मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाहूनही बारीक. त्यांत अमोनियम, म्हणजे अमोनियाचं पाण्यातलं रूप, शिरतं आणि बदल्यात सोडियम बाहेर पडतं. जंतू त्या छिद्रात शिरूच शकत नाही, मग मरेल कशाने? पण हे पाणी प्या असं मी कुठे लिहिलंय? लेख पूर्ण वाचायची पद्धत असते. अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्राच्या 1979 च्या अपघातानंतर तिथल्या दूषित पाण्यातलं किरणोत्सारी सीझियम झिओलाइटनेच काढलं. त्यांनाही घरबसले म्हणणार का?

भरलेला झिओलाइट मी बहुतेक वेळा कुंडीतच मिसळतो. धरलेलं अमोनियम तो मुळांना हळूहळू देतो. राहता राहिलं खारट पाणी. झिओलाइट धुतो वर्षातून दोनदा, तेही बादलीभर पाण्यात. ते गटारात जातं. एवढ्याने कुणाची विहीर खारी होत नाही.

आणि पुढची प्रतिक्रिया ‘निनावी’ नको. मी माझ्या नावाने लिहितो.