ऐनवेळचा विषय : गेटवे

हाउसिंग सोसायटीत आपण नोकरीत नेमकं काय करतो हे कुणालाही सांगू नये. अगदीच गळ्याशी आलं तर 'अकाउंट्सला आहे' म्हणावं. फार तर जुलै महिन्यात कुणी रिटर्नचे कागद घेऊन येईल. 'कॉम्प्युटर' हा शब्द तोंडातून गेला की मात्र संपलं. मी पगारपत्रकाचं सॉफ्टवेअर सांभाळते. कुणाची रजा कापली गेली की ती का कापली गेली हे शोधायचं, एवढंच माझं काम. पण नेरुळच्या आमच्या सोसायटीच्या लेखी प्रिंटर, सेट-टॉप बॉक्स, लिफ्टचा इंटरकॉम आणि सेक्रेटरींच्या नातवाचा प्रवेशाचा फॉर्म ही सगळी एकाच खात्याची कामं आहेत, आणि त्या खात्याचा बिनपगारी कार्यभार माझ्याकडे आहे.

तर सोसायटीच्या ऑफिसात नेट दोन. एक जुनं, केबलवाल्याचं. दुसरं नवं, फायबरचं. त्यांच्यावर गेटवरचा व्हिजिटरचा टॅब, कॅमेरे आणि ऑफिसचा पीसी चालतो. एक नेट गेलं की वॉचमनदादा ऑफिसात येऊन या डब्यातली वायर काढून त्या डब्यात खोचायचे. रात्री ऑफिसला कुलूप, किल्ली सेक्रेटरींकडे, सेक्रेटरी झोपलेले. मग टॅबवर गोल चक्र फिरत राहायचं आणि पार्सल घेऊन आलेला मुलगा गेटवर ताटकळायचा. यावर उपाय म्हणजे गेटवे. दोन्ही नेट एका पेटीत आणून सोडायची आणि कुठलं जिवंत आहे ते पेटीनं बघायचं. ही कल्पना मी सभेत बोलून गेले, आणि 'सूचना मांडणाऱ्यानेच ती अमलात आणावी' हा सहकार चळवळीतला अलिखित नियम मला लागू झाला.

पेटी खजिनदारांनी आणली. त्यांच्या साडूच्या ऑफिसातली, वापरलेली, फुकट. खजिनदारांच्या तोंडी 'फुकट' हा शब्द आला की मी आता बसून घेते. पासवर्ड? साडू म्हणाले, तो मुलगा नोकरी सोडून गेला. मग बारीक भोकात टाचणी खुपसून ती रीसेट केली. सेटिंगचं पान उघडायला गेले तर माझ्या नव्या ब्राउझरला ते इतकं जुनं वाटलं की त्यानं 'हे सुरक्षित नाही' म्हणत दारच लावून घेतलं. उरली कन्सोल केबल आणि कमांड लाइन, म्हणजे हुकूम टाइप करायची काळी खिडकी.

कन्सोल केबल म्हणजे एका टोकाला फोनसारखी पण रुंद पिन, आणि दुसऱ्या टोकाला नऊ पिनांचं असं काहीतरी, जे आताच्या लॅपटॉपला कुठेच बसत नाही. त्यासाठी आणखी एक अडॅप्टर, म्हणजे लॅमिंग्टन रोडची वारी आली. तो लावल्यावर स्क्रीनवर उलटे प्रश्नचिन्ह, चौकोन आणि यांच्या मधून मधून युरोपातली कुठली तरी अक्षरं. पेटी बिघडलेली नव्हती. लॅपटॉप ९६०० च्या वेगानं ऐकत होता आणि पेटी ११५२०० च्या वेगानं बोलत होती. वेग जुळवला आणि पडद्यावर स्वच्छ इंग्रजीत आलं: लॉगिन.

"झालं का?" सेक्रेटरी.

"आत्ता दार उघडलंय."

"मग आत जा ना मॅडम."

कमांड लाइनचा स्वभाव एकदा समजून घेतला पाहिजे. तुम्ही बरोबर लिहिलंत तर ती काही बोलत नाही. 'वा' नाही, 'झालं' नाही, हूं की चूं नाही; पुढच्या ओळीवर कर्सर लुकलुकत राहतो. बोलते ती फक्त चुकल्यावर. 'सेट इंटरफेसेस इथरनेट ईटीएच-झीरो' असं लिहून मी एंटर मारलं, काहीच झालं नाही, आणि मी समाधानानं मान हलवली. मागे उभ्या खजिनदारांना हे पटेना. "अहो ताई, काहीच झालं नाही की!" काही झालं नाही म्हणजेच झालं, हे मी त्यांना समजावलं. तेव्हा त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर ते एरवी लिफ्टच्या एएमसीवाल्यासाठी राखून ठेवतात.

पेटी माळ्यावर, कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरशेजारी. केबल जेमतेम हातभर. त्यामुळे तिचा नेटवर्कमधला सुरुवातीचा पत्ता मी स्टुलावर उभी राहून दिला आणि मग खाली उतरून नेटवर्कमधून एसएसएचनं, म्हणजे दुरून कमांड द्यायच्या सुरक्षित वाटेनं, तिच्यात शिरले. शिरल्यावर कळलं की घोळ पत्त्याचाच आहे. फायबरवाल्याच्या मॉडेमच्या आतला पत्ता १९२.१६८.१.१. आमच्या पेटीनंही आतल्या बाजूला तोच धरलेला. यात कुणाचा दोष नाही. १९९६ साली इंटरनेटच्या नियमांच्या आरएफसी १९१८ नावाच्या कागदानं १० नं सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ अशा तीन पट्ट्या खाजगी वापराला मोकळ्या सोडल्या आणि पेट्या बनवणाऱ्या बहुतेकांना त्यातली तिसरीच आवडली. नवी मुंबईकरांना हे वेगळं सांगायला नको. सेक्टर १७ वाशीत आहे, कोपरखैरण्यात आहे आणि खारघरमध्येही आहे. आपापल्या नोडात, म्हणजे उपनगरात, राहिलं तर काही बिघडत नाही. पण नोडचं नाव न घालता कुरियर पाठवा आणि मग बसा शोधत. आमच्या पेटीला दोन्ही हातांना एकच पत्ता दिसत होता, आणि आतलं पॅकेट (माहितीचं पुडकं) बाहेर जायचं की आतच फिरायचं याचा तिला उलगडा होत नव्हता.

पत्ता बदलायचा ठरवला: १०.१७.१.१. पण गंमत अशी की ज्या पत्त्यावरून आपण आत शिरलोय तोच बदलायचा. बदलला त्या क्षणी स्क्रीन गोठते, आणि ती गोठणारच असते. यावर त्या पेट्यांत एक शहाणपणाची सोय असते: कमिट-कन्फर्म. बदल लागू होतात, पण ठरलेल्या वेळेत तुम्ही नव्या पत्त्यावरून परत येऊन 'कन्फर्म' लिहिलं नाहीत तर पेटी समजते की ही बाई बाहेर अडकली. ती स्वतःच रीस्टार्ट होते आणि जुनी सेटिंगं परत आणते. मी दहा मिनिटं दिली. दहा मिनिटं भरपूर.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या काकू आल्या. त्यांच्या बाथरूममधली गळती खालच्यांकडे जाते की खालचेच उगाच बोंब मारतात, हा आमच्या सोसायटीतला जुना वाद. काकूंकडे मोबाईलवर फोटो होते. "एवढं बघाच," म्हणून त्यांनी मोबाईल माझ्या लॅपटॉपवर, नेमका कीबोर्डवर ठेवला. फोटो बरेच होते आणि सगळे टाइल्सचे होते. माळ्यावरून पेटीचा पंखा घूं करून वाजला तेव्हा मला कळलं, ती जुन्या पत्त्यावर परतली.

दुसऱ्या खेपेला मी आधी ऑफिसची कडी लावली. कमिट, गोठली, लॅपटॉपचा पत्ता बदलला, परत शिरले, कन्फर्म. मग बाकीचं: फायबर ईटीएच-झीरो या खाचेत, केबलवाला ईटीएच-वनमध्ये, त्याचं युजरनेम आणि पासवर्ड (पावतीच्या मागे पेन्सिलीत लिहिलेला; तो पाच आहे की एस हे केबलवाल्यालाही सांगता आलं नाही), डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारा), फायरवॉल (नको त्याला अडवणारी), नॅट (आतल्या सगळ्यांना बाहेर एकच पत्ता देणारं). सगळं लागू झालं, सगळं चालू. आता फक्त एक शब्द उरला, 'सेव्ह'. कारण कमिट केलेलं पेटीच्या चालू आठवणीत असतं. लाइट गेली की पुसलं जातं. 'सेव्ह'मधला 'एस' मी दाबला आणि ऑफिसात अंधार झाला.

नेरुळमध्ये लाइट गेली नव्हती. फक्त आमच्या ऑफिसची गेली होती. खजिनदारांनीच काढलेल्या परिपत्रकानुसार रात्री नऊ वाजता वॉचमनदादांनी 'वीज बचत' म्हणून ऑफिसचा मेन स्विच पाडला होता. बाहेरून आवाज आला, "आत कोण आहे का?"

अशा वेळी मला ४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र आठवते आणि बरं वाटतं. त्या रात्री आपल्याकडे नऊच्या सुमाराला व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम सगळं बसलं होतं आणि साधारण सहा तास बसून होतं. नेहमीच्या देखभालीत कुणीतरी एक कमांड दिली आणि फेसबुकची डेटा सेंटरं एकमेकांपासून तुटली. असली कमांड अडवणारं एक टूल होतं, पण त्यातच बग निघाला. दुरून आत शिरायचे रस्तेही त्याच नेटवर्कवरचे. शेवटी माणसं जागेवर पाठवावी लागली आणि तिथल्या कडेकोट बंदोबस्तातून आत जायला वेळ लागला. तिथे जगभरची एवढी हुशार माणसं. आमच्याकडे निदान मेन स्विच कुठे आहे ते वॉचमनदादांना माहीत होतं.

सगळं पुन्हा लिहिलं. या वेळी दर दोन ओळींनी सेव्ह.

दुसऱ्या दिवशी नवीच तक्रार. फायबर बंद करून केबलवाल्याच्या नेटवर तपासत होतो, तर व्हॉट्सॲपवर 'सुप्रभात' येत होतं, पण वीजबिल भरायचं पान अर्धवट उघडून लटकत होतं. सेक्रेटरींचं निदान: "बँकेचा सर्व्हर डाऊन." बँकेचा याच्याशी काही संबंध नव्हता. इथरनेटवर एका पॅकेटमध्ये १५०० बाइट मावतात. केबलवाल्याची लॉगिनची पद्धत, पीपीपीओई, त्यातले ८ स्वतःसाठी काढून घेते, उरतात १४९२. समोरून १५०० चं पॅकेट आलं की ते वाटेत अडतं, 'जरा लहान करून पाठव' असा निरोप मागे जायला हवा, आणि मधली एखादी फायरवॉल तो निरोपच गिळते. पाठवणारा वाट बघतो, आपण चक्र बघतो. लहान पॅकेटं मात्र बिनबोभाट जातात. मी पिंगला, म्हणजे पलीकडे हाक मारून उत्तर येतं का बघणाऱ्या कमांडला, सांगितलं, तुकडे न करता १४६४ बाइट पाठव. गेले. १४६५? नाही गेले. १४६४ मध्ये २८ बाइटांचं हेडर मिळवलं की बरोबर १४९२. एमएसएस, म्हणजे एका पॅकेटमधल्या मजकुराची कमाल मर्यादा, १४५२ वर बांधून टाकलं आणि वीजबिलाचं पान सरकन उघडलं. एका बाइटवरून चोर पकडण्यात जो आनंद आहे तो मी कुणाला सांगणार? सेक्रेटरी म्हणाले, "बघा, सर्व्हर आला वाटतं."

ठाणे-बेलापूर रस्त्यानं महापे, रबाळे, ऐरोलीकडे गेलं की डेटा सेंटरच्या त्या बिनखिडक्यांच्या अवाढव्य इमारती लागतात. आत केवढे गेटवे असतील, आणि ते सांभाळायला पगारी माणसं. त्यांच्या पाठीमागे खजिनदार उभे राहत नसावेत.

रविवारी समितीला प्रात्यक्षिक दाखवलं. नुसती पेटीतली वायर उपटून दाखवणं सोपं. खरी अडचण असते ती मॉडेमचा दिवा हिरवा आणि पलीकडे नेट मेलेलं, तेव्हाची. म्हणून पेटीला दर काही सेकंदांनी बाहेरच्या पत्त्याला पिंग करायला सांगितलं होतं. मी फायबरची पिवळी दोरी मॉडेमच्या मागून काढली. वॉचमनदादांनी गेटवरून टॅब धरला. चक्र फिरलं, थांबलं, आणि दूधवाल्याची नोंद झाली. दोरी परत लावली; पुन्हा चालू. कुणाला काही जाणवलंही नाही.

खजिनदार खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे फायबर काढलं तरी चालतंय?"

"हो काका. तेच तर."

"आणि केबलवाल्याचं काढलं तरी चालतंय?"

"तरी चालतंय."

"मग दोन दोन नेटचे पैसे आपण कशाला भरतोय?"

दोनांपैकी एक कनेक्शन बंद करण्याचा विषय येत्या सभेच्या विषयपत्रिकेवर घेतला आहे. पाण्याच्या टाकीनंतर आणि ऐनवेळच्या विषयांच्या आधी. सूचक खजिनदार, अनुमोदक गळतीवाल्या काकू.