अकिंजी आणि बाशीबझूक एका माळेत ओवू नका

ऑटोमन (तुर्की) फौजेतले बिनपगारी लढवय्ये म्हणजे सगळे लुटारूच, हे वाक्य दर चर्चेत येतं आणि दर वेळी खटकतं. लूट अकिंजी आणि बाशीबझूक या दोन्ही बिनपगारी दलांनी केली. पण अकिंज्यांची लूट सरकारदफ्तरी नोंदलेली होती, बाशीबझूकांची नव्हती. सगळा फरक तिथेच पडतो.

‘अकिन’ म्हणजे धाड, त्यावरून अकिंजी. रुमेलियाच्या, म्हणजे ऑटोमनांच्या युरोपातल्या मुलखाच्या, सरहद्दीवरचे हे हलके घोडेस्वार. मिहालोग्लू, एव्हरेनोसोग्लू अशी घराणी पिढ्यानपिढ्या त्यांची सरदारकी सांभाळत. दहांवर एक नायक, शंभरांवर एक, हजारांवर एक. स्वाराचं नाव, बापाचं नाव, गाव, सगळं वहीत. पगार नाही, पण करमाफी. चिलखत जवळपास नाहीच. तलवार, भाला, ढाल, धनुष्य आणि सोबत जादा घोडा, कारण थकलेलं जनावर बदलता आलं नाही तर धाड तिथेच फसते.

परतताना सरकारचा पाचवा हिस्सा द्यावा लागे, त्याला ‘पेंचिक’ म्हणत. फारसीतलं ‘पंज-यक’, पाचातला एक. सुरुवातीला पाचांहून कमी कैदी असले तर माणशी २५ अक्चे (चांदीची नाणी) रोख. आपल्याकडे पेंढाऱ्यांकडून पालपट्टी घेत, त्याच जातीची ही वसुली.

आणि या वसुलीनेच घात केला. ऑक्टोबर १५९५, डॅन्यूब नदीकाठचं जुर्जू. ऑटोमन वजीर सिनान पाशाची फौज वालाकियातून (आजच्या दक्षिण रोमानियातून) माघार घेत होती. मुख्य फौज पलीकडे गेली, आणि मागे राहिलेल्या अकिंज्यांना पुलाच्या तोंडाशी अडवून कारकून हिस्सा मोजत बसले. तेवढ्यात वालाकियाचा राजा मिहाय याच्या तोफा पोचल्या. पूल तुटला, अलीकडे अडकलेले कापले गेले. अकिंजी दल यातून पुन्हा उभं राहिलं नाही. धाडींचं काम क्रिमियाच्या तातारांकडे गेलं.

एकोणिसाव्या शतकातल्या बाशीबझूकांकडे यातलं काहीच नव्हतं. सरकारने हत्यार आणि शिधा द्यायचा, बाकी ज्याचं त्याने बघायचं. नोंद नाही, घराण्याची जबाबदारी नाही, गणवेश नाही. १८७६ मध्ये बल्गेरियात उठाव झाला तेव्हा नियमित पलटणी पुरेशा नव्हत्या, म्हणून हेच लोक पुढे केले. रोडोपी डोंगरातल्या बातक गावाने अभयाच्या शब्दावर हत्यारं खाली ठेवली आणि त्यानंतर हजारो माणसं मारली गेली, चर्चमध्ये आसरा घेतलेल्या बायकामुलांसकट. दोष शिपायांचा आहेच. पण पगार वाचवून त्यांना गावांवर सोडणाऱ्या अधिकाऱ्यांचा त्याहून मोठा आहे, आणि ते सोयीस्करपणे विसरलं जातं. पुढच्याच वर्षी रशियाने युद्ध पुकारलं आणि १८७८ मध्ये बल्गेरियाचा मोठा भाग इस्तंबूलच्या हातातून निसटला.