आंतरराष्ट्रीय परमिट म्हणजे परदेशातलं लायसन्स नव्हे

‘आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट काढा आणि परदेशात राहाल तितकी वर्षं बिनधास्त गाडी चालवा,’ असा एक मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे.

हे परमिट म्हणजे मूळ लायसन्समधली माहिती अनेक भाषांत देणारी पुस्तिका. मूळ लायसन्स सोबत नसेल, तर तिला किंमत नाही. शिवाय ती आहे पाहुण्यांसाठी. रस्ते वाहतुकीच्या १९६८च्या आंतरराष्ट्रीय व्हिएन्ना करारातच म्हटलंय की, जो माणूस एखाद्या देशात कायम राहायला आला, त्याचं परदेशी परमिट मानण्याचं बंधन त्या देशावर नाही. म्हणजे गाडी चालवता येईल की नाही, हे ठरतं तुमच्या वास्तव्यावर. परमिटची मुदत शिल्लक असणं पुरेसं नाही. जर्मनीत वास्तव्य सुरू झाल्यापासून साधारण ६ महिने, ब्रिटनमध्ये १२ महिने. पुढे स्थानिक लायसन्स हवंच. चीन तर हे परमिट मानतच नाही.

‘मुदत संपत आली की सीमा ओलांडून परत यायचं’ ही युक्तीही सगळीकडे चालत नाही. जपानमध्ये तिथला रहिवासी देशाबाहेर जाऊन ३ महिन्यांच्या आत परत आला, तर मुदतीचा नवा हिशेब सुरू होत नाही.

आणि १० वर्षांचं परमिट विकणाऱ्या वेबसाइट? सरळ फसवणूक. करारांनुसार कमाल मुदत ३ वर्षंच आहे.