भाऊ, नाव कोठे शे?

मे महिन्यात अमळनेरला टेबलावर बोटीचं सुकाणू आपोआप चालवणारा ऑटोपायलट मांडून बसलं, की येणारा-जाणारा हमखास विचारतो, "भाऊ, नाव कोठे शे?" नाव कोकणात. पण जोडणी आधी टेबलावर करून बघावी, या मताचा मी आहे. हेलकावणाऱ्या बोटीत पालथं पडून, तोंडात टॉर्च धरून वायरी शोधणं शत्रूच्याही नशिबी नको.

वायरी तशा दोनच. एनएमईए ०१८३ ही बोटीवरच्या उपकरणांची आपसातली भाषा म्हणजे कीर्तन: बोलणारा एक, बाकीच्यांनी ऐकायचं. प्लॉटरची, म्हणजे नकाशा आणि मार्ग दाखवणाऱ्या पडद्याची, बोलणारी ए वायर ऑटोपायलटच्या ऐकणाऱ्या ए-ला, बी बी-ला. प्लॉटरला बी नसेलच, तर ऑटोपायलटची बी प्लॉटरच्या ग्राउंडला. रंगावर जाऊ नका. एका कंपनीची तपकिरी बोलते, दुसरीची ऐकते. माहितीपुस्तक उघडा, कितीही जिवावर आलं तरी. त्याच वायरींवर आसपासच्या बोटींची खबर देणारा एआयएसही बोलायला बसवलात तर एका मांडवात दोन बुवा. मधे दोघांचं बोलणं एकत्र करून पुढे देणारा मल्टिप्लेक्सर हवा. शिवाय एआयएस ३८४०० बॉडने (बॉड म्हणजे बोलण्याचा वेग) केळीचा लिलाव पुकारतो आणि ऑटोपायलटचा कान ४८०० चा.

सगळं बरोबर, तरी पडद्यावर 'डेटा नाही'. इथे माणसं पुन्हा वायरी उपटायला लागतात. उपटू नका. जायचं कुठे, हे प्लॉटरला कुणी सांगितलेलंच नसतं. वेपॉइंट (जायचं ठिकाण) निवडून 'गो टू' दाबा, म्हणजे एपीबी आणि आरएमबी या एनएमईएच्या वाक्यांत मजकूर येतो: मार्गापासून किती सरकलो, डावीकडे वळायचं की उजवीकडे. त्यावाचून ऑटोपायलटने वळावं तरी कुठे?

होकायंत्राची तऱ्हा निराळी. लोखंडी टेबल, शेजारी कूलरची मोटर, वर स्पीकर. मग ते उत्तर दाखवेल ती उत्तर कुणाची? लाकडी पाटावर ठेवा. खरं कॅलिब्रेशन, म्हणजे होकायंत्राची चूक सुधारणं, पाण्यावरच, बोट सावकाश गोल फिरवून. टेबल फिरवायला चार माणसं मिळतात, पण ती सल्लाही देतात.

जीपीएसचा अँटेना अंगणात. पडद्यावर २१ अंश उत्तर, ७५ अंश पूर्व, वेग शून्य. जागेवरून न हलणाऱ्याला दिशा कोणती, हे जीपीएसला ठरवता येत नाही, म्हणून दिशेचा आकडा सैरावैरा पळतो. तो बिघाड नव्हे. शेवटी ऑटोपायलटवर 'ट्रॅक' (प्लॉटरचा मार्ग धर) दाबा. सुकाणूचा दांडा घुर्र करत बाहेर येतो आणि टेबलाच्या कडेचा चहाचा कप शांतपणे खाली ढकलतो. जोडणी झाली.