रडारची अचूकता तपासणाऱ्या सॉफ्टवेअरविषयी खुलासा
युरोपातील हवाई वाहतूक नियंत्रणाचा समन्वय करणाऱ्या ‘युरोकंट्रोल’ या संस्थेच्या, रडारची अचूकता तपासणाऱ्या ‘सास-सी’ सॉफ्टवेअरमध्ये रडार स्वतःच स्वतःची परीक्षा घेते, म्हणून निकाल निरर्थक ठरतात, असा दावा सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. हे सॉफ्टवेअर नेहमीच्या विमानवाहतुकीच्या, अनेक रडारांनी केलेल्या नोंदी एकत्र करून प्रत्येक विमानाचा संदर्भमार्ग (ते प्रत्यक्षात कुठून गेले याचा सर्वांत विश्वासार्ह अंदाज) उभा करते आणि त्याच्याशी ताडून एकेका रडारची अंतरातील, दिशेतील व वेळेच्या नोंदीतील कायमची चूक वेगवेगळी काढते. दिशेतील चूक विशेष गंभीर, कारण अवघ्या ०.१ अंशाच्या फरकाने २०० किलोमीटरवरचे विमान सुमारे ३५० मीटर बाजूला दिसते. मात्र जिथे एकाच रडारची नजर पोहोचते, तिथे ही तुलना दुबळी पडते आणि उपग्रहाधारित स्थाननोंदींचा किंवा चाचणी-उड्डाणाचा आधार घ्यावा लागतो.