गोधडी कुणी शिवली?

न्यू जर्सीतल्या आमच्या घरात हॉलच्या भिंतीवर एक गोधडी टांगली आहे. पाहुण्यांनी विचारलं की मी सांगते, ही माझ्या आजीनं शिवली. अकरा वर्षं हेच सांगत आलेय. ते खरं नाही हे मला गेल्या महिन्यात कळलं, तेही फॅमिली ग्रुपवरच्या भांडणातून.

निमित्त झालं फेथ रिंगगोल्डचं. ही कृष्णवर्णीय चित्रकार १९३० साली न्यू यॉर्कच्या हार्लेम वस्तीत जन्मली आणि २०२४ मध्ये आमच्या याच न्यू जर्सीत वारली. तिच्या 'टार बीच' (१९८८) या गोधडीचा फोटो मी ग्रुपवर टाकला. रात्रीची वेळ, हार्लेममधली डांबरी गच्ची. मोठी माणसं पत्ते खेळताहेत, आठ वर्षांची कॅसी धाकट्या भावाशेजारी पडून आहे, आणि वर आभाळात तीच कॅसी जॉर्ज वॉशिंग्टन पुलावरून उडते आहे. भोवती रंगीबेरंगी तुकड्यांची चौकट, आणि वरखाली बारीक अक्षरांत लिहिलेली गोष्ट. कॅसीचा बाप उंच इमारतींवर जीव धोक्यात घालून काम करतो, पण युनियनमध्ये त्याला घेत नाहीत. पोरगी म्हणते, मी त्या युनियनच्या इमारतीवरून उडेन, म्हणजे ती माझ्या बाबांची होईल. त्या पुलावरून मी आठवड्यातून चारदा जाते, आणि डोक्यात फक्त ट्रॅफिक असतो.

मावसभावाचं उत्तर लगेच आलं: "सुंदर आहे गं, पण गोधडी म्हणजे मायेची ऊब. तिच्यात राजकारण कशाला घुसडायचं?" मी लांबलचक काहीतरी लिहिलं. त्यावर वहिनी म्हणाली, "उंटावरून शेळ्या हाकू नका. इथे बचत गटातल्या बायका गोधड्या विकून चार पैसे मिळवताहेत, ते बघा."

वहिनीचं बरोबर आहे, आणि ते मी ग्रुपवर कबूलही केलं. चार पैसे ही किरकोळ गोष्ट नाही. माझं भांडण त्या 'मायेच्या ऊबे'शी आहे. आपल्याकडे गोधडीचं कौतुक कधी कमी पडलं नाही. कविता झाल्या, निबंध झाले, हल्ली ऑनलाइन दुकानात 'आजीची माया' असा टॅगही लागतो. पण माया म्हटलं की मजुरीचा प्रश्न मिटतो. मायेला कोण पैसे देतं? आणि मायेला तक्रार तरी कुठे असते? प्रदर्शनात तीच गोधडी पापड-लोणच्याच्या शेजारच्या स्टॉलवर असते. कला वेगळी, हस्तकला वेगळी.

रिंगगोल्डच्या वाट्यालाही असा भेदभाव आला. तिला न्यू यॉर्कच्या सिटी कॉलेजात चित्रकला शिकायची होती. बाई म्हणून त्या अभ्यासक्रमाला प्रवेश नाही, म्हणून तिनं कलाशिक्षणाची वाट धरली आणि १९७३ पर्यंत न्यू यॉर्कच्या सरकारी शाळांत मुलांना शिकवलं. ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयात तिबेटी थांगके, म्हणजे कापडावरची धार्मिक चित्रं, पाहिली तेव्हा तिला कापडाची किनार लावलेल्या चित्रांची कल्पना सुचली. गुंडाळली की चित्रं कुठेही नेता येतात, हा त्यातला अगदी व्यवहारी भाग. पहिली गोधडी तिनं १९८० मध्ये आईबरोबर केली. आई कपडे डिझाइन करणारी, हात कसलेला. पुढे आत्मचरित्र छापायला प्रकाशक मिळेना, तेव्हा ही बाई गोधडीवरच लिहायला लागली. मला हे फार आवडतं. तुम्ही छापत नाही? ठीक, पांघरुणावर लिहिते.

पण म्हणून अमेरिकेची आरती ओवाळायला मी तयार नाही. गोऱ्या-काळ्यांच्या रक्तपाताचं तिचं 'डाय' हे चित्र १९६७ चं. न्यू यॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियमनं ते घेतलं २०१६ मध्ये. याच शहरात तिच्या आयुष्यभराच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं तेव्हा ती ९१ वर्षांची होती. नव्वदच्या दशकात ती न्यू जर्सीतल्या एंगलवुडला राहायला आली, तर स्टुडिओ बांधायला शेजाऱ्यांनीच विरोध केला. तिनं त्या रस्त्याचं नाव घेऊन अख्खी चित्रमालिका केली, 'कमिंग टु जोन्स रोड'. उशिरा मिळालेल्या मानाला आपण इथे राहणारे लोक फार लवकर 'बघा, इथे कशी कदर होते' म्हणतो.

असो. ग्रुपवर मी तावातावानं लिहिलं, की आपल्या आजीच्या गोधडीला तरी कुणी कला म्हटलं का? रात्री आईचा फोन. "अगं, ती आजीनं कुठे शिवलीय? आजीला सुईत दोरा ओवता येत नव्हता. गावात बाई यायची शिवायला. ओसरीवर बसायची, आपण जुनी लुगडी, धोतरं काढून द्यायचो. एका गोधडीला ज्वारी द्यायचो आणि दुपारचा चहा."

नाव काय तिचं?

आई बराच वेळ गप्प. "गोधडीवाली म्हणायचे सगळे."

चहा वेगळ्या कपात द्यायचात का, हे माझ्या ओठांवर आलं होतं. विचारलं नाही.

रिंगगोल्डच्या खापरपणजीचं नाव सूझी शॅनन. ती गुलाम होती, मालकांसाठी गोधड्या शिवायची. त्या गुलाम बाईचं नाव तिच्या घरच्यांनी चार पिढ्या जपलं. आमच्या ओसरीवर दिवसदिवस बसणाऱ्या बाईचं नाव आमच्या घरात एका पिढीतही टिकलं नाही. आणि मी इथे 'माझ्या आजीनं' म्हणून मिरवत होते. मावसभावाला हे सांगितलं, तर त्यानं नुसता नमस्काराचा इमोजी टाकला.

गेल्या शनिवारी एक शेजारीण आली. तिनं विचारलं. मी म्हटलं, एका बाईकडून शिवून घेतली होती, ज्वारी दिली होती, नाव आम्ही लक्षात ठेवलं नाही. तिला काय बोलावं कळेना. ती जवळ जाऊन टाके बघत राहिली. काठापासून आत आत चौकोनात गेलेला धावदोरा, मध्ये कुठेही गाठ दिसत नाही. मग तिनं खालच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "इथे तिनं हा तुकडा मुद्दाम आडवा लावलाय का?"

लुगड्याचा हिरवा काठ. बाकी सगळीकडे उभा, तिथे एकट्याच ठिकाणी आडवा. अकरा वर्षांत मी तो पाहिला नव्हता.