गुरदासपूर, काश्मीरचा रस्ता आणि ‘तीन दिवसांचा पाकिस्तान’

दर ऑगस्टमध्ये एक मजकूर हमखास फिरतो. थोडक्यात तो असा: पंजाबातला गुरदासपूर हा मुस्लिमबहुल जिल्हा फाळणीत पाकिस्तानला मिळाला होता. तीन दिवस तिथं पाकिस्तानचा झेंडा फडकत होता. पण भारतातून काश्मीरला जाणारा एकमेव रस्ता तिथूनच जात असल्यानं नेहरूंनी व्हाइसरॉय माउंटबॅटनना गाठलं, माउंटबॅटननी सीमा आयोगाचे अध्यक्ष रॅडक्लिफना, आणि शेवटच्या रात्री रेषा बदलून अख्खा जिल्हा भारतात आला. नाहीतर काश्मीर आपलं नसतंच.

गंमत म्हणजे हीच गोष्ट सरहद्दीच्या पलीकडेही सांगितली जाते. आपल्याकडे ती मुत्सद्देगिरीची म्हणून मिरवली जाते, तिकडे दगाबाजीची म्हणून. मराठी गटांत फिरणाऱ्या आवृत्तीत एक जादा ओळही असते, की तसं झालं नसतं तर नामदेवांचं घुमान आज पाकिस्तानात असतं. घुमान याच जिल्ह्यात, बटाला तहसिलीत आहे. २०१५ साली ८८वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथं भरलं, तेव्हा अनेक मराठी माणसांनी गुरदासपूरचं नाव पहिल्यांदा ऐकलं. घुमानची ही ओळ निव्वळ थाप नाही. बाकीच्या गोष्टीबद्दल मात्र तसं म्हणता येत नाही.

सुरुवात ‘अख्खा जिल्हा’ या शब्दांपासून करू, कारण हा भाग सर्वांत सोपा आहे. १९४७ च्या गुरदासपूर जिल्ह्यात चार तहसिली होत्या: गुरदासपूर, बटाला, पठाणकोट आणि शकरगढ. पहिल्या तीन रावीच्या अलीकडे, म्हणजे रावी आणि बियास यांच्यामधल्या बारी दोआबात, शकरगढ पलीकडे. यातली शकरगढ पाकिस्तानला गेली, आणि आज ती तिथल्या नारोवाल जिल्ह्यात आहे. गुरू नानकांनी अखेरची वर्षं जिथं शेती करत घालवली आणि १५३९ साली देह ठेवला, ते करतारपूर त्याच भागातलं. अलीकडच्या डेरा बाबा नानकपासून ते हाकेच्या अंतरावर आहे. तरी तिथं व्हिसाशिवाय जाण्याची सोय व्हायला ९ नोव्हेंबर २०१९ उजाडावा लागला. पूर्ण जिल्हा भारताला मिळाला असता, तर त्या कॉरिडॉरची गरजच पडली नसती.

‘आधी पाकिस्तानला मिळाला होता’ हे वाक्य अर्धवट खरं आहे, आणि अर्धवट खऱ्या वाक्यानंच जास्त घोळ होतो. ३ जून १९४७ च्या योजनेत पंजाबची तात्पुरती विभागणी जिल्हावार झाली. १९४१ च्या जनगणनेत ज्या जिल्ह्यात मुस्लिम बहुसंख्य, तो पश्चिमेत, बाकीचे पूर्वेत. गुरदासपुरात मुस्लिम ५१ टक्के होते, म्हणून तो पश्चिमेत गेला. भारतीय स्वातंत्र्य कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टातही त्याचं नाव लाहोर विभागात आहे. पण त्याच कायद्यात असंही म्हटलं होतं की खरी हद्द सीमा आयोग ठरवील आणि तोवर ही यादी चालेल. थोडक्यात, ती कामचलाऊ यादी होती. आणि माउंटबॅटननी ४ जूनच्या पत्रकार परिषदेत उदाहरण दिलं ते नेमकं गुरदासपूरचंच: इथली लोकसंख्या इतकी समसमान आहे की आयोग अख्खा जिल्हा मुस्लिम बहुसंख्येच्या भागात टाकील, अशी शक्यता कमी. रॅडक्लिफ तेव्हा भारतात आलेही नव्हते; ते ८ जुलैला आले.

झेंड्याचं खरं आहे. १४-१५ ऑगस्टला गुरदासपुरात पाकिस्तानी अंमल सुरू झाला, जिल्हाधिकारीही त्यांचा होता. सीमा आयोगाचा निवाडा १७ ऑगस्टला जाहीर झाला आणि चित्र पालटलं. मधल्या दिवसांत कुणी रेषा हलवली नाही, कारण पंजाबच्या निवाड्यावर १२ ऑगस्टचीच तारीख आहे. तो माउंटबॅटननी दाबून ठेवला, स्वातंत्र्याच्या सोहळ्यावर सावट नको म्हणून. माझ्या मते त्यांच्यावरचा सर्वांत गंभीर आरोप हाच असायला हवा. आपण कुठल्या देशात आहोत हे लाखो माणसांना स्वातंत्र्याच्या दिवशी ठाऊक नव्हतं. बटाल्याच्या मुसलमानांनी पाकिस्तान झाला म्हणून निश्चिंत राहायचं ठरवलं असेल, तर पुढच्या काही दिवसांत त्यांना पळावं लागलं. शकरगढच्या हिंदू-शिखांच्या वाट्याला तेच उलट दिशेनं आलं. पण हा आरोप फॉरवर्डमध्ये कधी दिसत नाही, कारण त्यात कुणाची चतुराई दाखवता येत नाही.

आता ‘मुस्लिमबहुल’ या मुद्द्याकडे. इथं जरा थांबावं लागेल.

जिल्ह्याची लोकसंख्या १९४१ मध्ये साडेअकरा लाखांच्या आसपास होती. तहसीलवार पाहिलं तर बटाल्यात मुस्लिम सुमारे ५५ टक्के, गुरदासपूर तहसिलीत ५२, शकरगढमध्ये ५१ आणि पठाणकोटात फक्त ३९. म्हणजे पठाणकोट मुस्लिमबहुल नव्हतंच, आणि ते कांगडा व होशियारपूर या दोन हिंदूबहुल जिल्ह्यांना लागून होतं. तहसील हा एकक धरून काटेकोर वाटणी केली असती, तरी पठाणकोट भारतातच आलं असतं. शिवाय कांगड्याचं सगळं दळणवळण पठाणकोटातून होतं. कांगडा खोऱ्यातली छोटी रेल्वे १९२९ साली सुरू झाली ती तिथूनच. डलहौसीसुद्धा तेव्हा गुरदासपूर जिल्ह्यातच होतं. ते १९६६ साली हिमाचलला जोडलं गेलं. पठाणकोट पाकिस्तानला द्यायचं म्हणजे कांगड्याचा गळा आवळणं होतं, मग काश्मीर भूगोलात असो वा नसो.

खुलासा हवा तो बटाला आणि गुरदासपूर या दोन तहसिलींचा. तिथं मुस्लिम बहुसंख्य होते आणि रावीपलीकडचा सियालकोटही तसाच. नुसत्या टक्केवारीनं त्या पाकिस्तानला जायला हव्या होत्या, आणि त्यांच्याबरोबर घुमानही. मुस्लिम लीगची तक्रार इथं पोकळ नाही. पण आयोगाला सांगितलेलं काम दोन भागांचं होतं: सलग बहुसंख्येचे प्रदेश ठरवा आणि ‘इतर बाबी’ही लक्षात घ्या. या दोन शब्दांनी दोन्हीकडे दान टाकलं. बंगालमध्ये जवळजवळ पूर्णपणे बिगरमुस्लिम असलेला चितगाँगचा डोंगरी प्रदेश पाकिस्तानला गेला, आणि मुस्लिमबहुल मुर्शिदाबाद भारतात राहिलं. अमृतसर जिल्ह्यातली मुस्लिमबहुल अजनाला तहसीलही भारतातच राहिली.

गुरदासपूरपुरती ही ‘इतर बाब’ म्हणजे अमृतसर. नकाशा काढून पाहा. अमृतसरच्या पश्चिमेला लाहोर आहे. उत्तरेकडचे बटाला-गुरदासपूरही पाकिस्तानात गेले असते, तर शिखांचं सर्वांत पवित्र शहर दोन बाजूंनी वेढलं गेलं असतं आणि पूर्वेकडे बियासच्या दिशेनं एक चिंचोळी वाट उरली असती. अमृतसरहून पठाणकोटला जाणारी रेल्वे तुटली असती. माधोपूरला रावीतून निघणारा अपर बारी दोआब कालवा भारतात सुरू होऊन पाकिस्तानातून फिरत पुन्हा अमृतसरात शिरला असता. पुढं लाहोरच्या शेतांना पाणी देणारा हा कालवा सरहद्दीनं तसाही तुटलाच. १ एप्रिल १९४८ ला भारतानं त्याचं पाकिस्तानकडे जाणारं पाणी बंद केलं, आणि सिंधूच्या पाण्याचं भांडण तिथून पेटलं.

अमृतसरचं हे कारण नंतर शोधून काढलेलं नाही. व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांनी ७ फेब्रुवारी १९४६ ला लंडनला पाठवलेल्या तारेत, फाळणी झालीच तर रेषा कुठून जावी याचा आराखडा दिला आहे. त्यात ते लिहितात, पंजाबातला एकच मुस्लिमबहुल जिल्हा पाकिस्तानबाहेर राहील, तो गुरदासपूर. भौगोलिक कारणांसाठी तो अमृतसरबरोबरच जायला हवा, आणि अमृतसर शिखांचं पवित्र शहर म्हणून पाकिस्तानबाहेरच राहिलं पाहिजे. ही तार गेली तेव्हा माउंटबॅटन व्हाइसरॉय व्हायला वर्षाहून अधिक काळ होता, रॅडक्लिफचं नावही कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं, आणि काश्मीरच्या विलीनीकरणाचा प्रश्न उभाच राहिला नव्हता. वेव्हेल काही नेहरूंचे चाहते नव्हते. एकट्या या तारेनं ‘शेवटच्या रात्री’ची गोष्ट कोसळते. उलट अंतिम रेषा वेव्हेलच्या आराखड्याहून पाकिस्तानला थोडी उदार ठरली, कारण त्यांनी पूर्ण जिल्हा भारताकडे धरला होता आणि रॅडक्लिफनी शकरगढ काढून दिली.

मग रेषा बदलल्याची चर्चा आली कुठून? रेषा खरोखरच बदलली होती, पण ती गुरदासपुरात नव्हे, दूर दक्षिणेला, फिरोजपुरात. ८ ऑगस्टला व्हाइसरॉयचे खासगी सचिव जॉर्ज एबेल यांनी लाहोरला पंजाबच्या गव्हर्नरांच्या सचिवांकडे एक कच्चा नकाशा पाठवला, पोलिस बंदोबस्ताची आखणी करता यावी म्हणून. त्यात फिरोजपूर आणि झिरा या तहसिली पाकिस्तानात दाखवल्या होत्या. दोन-तीन दिवसांत तो (लाहोरहून पाहता) सतलजपलीकडचा तुकडा वगळायचा निरोप आला आणि अंतिम निवाड्यात त्या भारतात आल्या. हा नकाशा लाहोरातच राहिला आणि पाकिस्तानच्या हाती लागला. रॅडक्लिफचे सचिव ख्रिस्तोफर ब्यूमाँट यांनी १९९२ मध्ये तोंड उघडलं, तेव्हा फिरोजपूरच्या बदलामागे दबाव होता असं त्यांनी स्पष्ट म्हटलं, आणि उत्तरेकडे गुरदासपूरच्या भागात काहीही बदल झाला नाही हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितलं. जो माणूस आपल्याच साहेबावर ठपका ठेवायला कचरला नाही, तो एका ठिकाणी खरं आणि दुसऱ्या ठिकाणी खोटं कशाला बोलेल?

पुढं पाकिस्तानचे पंतप्रधान झालेले चौधरी मुहम्मद अली यांची आठवण या वादात नेहमी पुढं केली जाते. ९ ऑगस्टला माउंटबॅटनचे सहकारी लॉर्ड इस्मे यांच्या खोलीत त्यांनी पंजाबच्या नकाशावर पेन्सिलीची रेषा पाहिली. खरी धरू. पण ८ तारखेला रेषा कागदावर उतरून लाहोरला रवाना झाली होती, तेव्हा ९ तारखेला ती दिल्लीत दिसली यात नवल काय? निवाडा फुटला होता, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

अहमदिया पंथानं आयोगापुढं वेगळं निवेदन दिलं म्हणून मुस्लिमांची बहुसंख्या गेली, असंही एक उपकथानक आहे, कारण या पंथाचं मूळ गाव कादियान बटाला तहसिलीत येतं. जनगणनेत ते मुस्लिमांतच मोजले होते आणि आयोगापुढं लीगची बाजू मांडणारे जफरुल्ला खान स्वतः अहमदी होते. यावर याहून जास्त शाई खर्च करायला नको.

उरला रस्ता. १९४७ मध्ये काश्मीरला जायच्या चांगल्या वाटा दोन होत्या: रावळपिंडीहून मरी, मुजफ्फराबाद, बारामुल्ला असा झेलमकाठचा रस्ता, आणि सियालकोट-जम्मूहून बनिहाल घाटातून जाणारा. रेल्वेही सियालकोटहून जम्मूपर्यंतच होती. पठाणकोटहून माधोपूर, कठुआ असा जम्मूला जाणारा रस्ता बराचसा कच्चा होता आणि माधोपूरला रावीवर पक्का पूल नव्हता. म्हणून २७ ऑक्टोबरला शीख रेजिमेंटची पहिली तुकडी श्रीनगरला उतरली ती डाकोटा विमानांतून. त्यानंतर मात्र हा रस्ता फार उपयोगी पडला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला श्रीनगरजवळच्या शालटेंगच्या लढाईत उतरलेल्या चिलखती गाड्या पठाणकोट-जम्मू-बनिहाल याच वाटेनं वर चढल्या होत्या. रस्त्याचं महत्त्व मी नाकारत नाही. मुद्दा एवढाच की हा रस्ता पठाणकोट तहसिलीतून जातो, म्हणजे बिगरमुस्लिम बहुसंख्येच्या तहसिलीतून. त्यासाठी बटाला आणि गुरदासपूर लागत नव्हते. पठाणकोटला होशियारपुराकडून बियास ओलांडून पोचता येतं, आणि मुकेरियाँहून तिथवर रेल्वे स्वातंत्र्यानंतर काही वर्षांतच टाकली गेली. काश्मीरसाठीच कट करायचा असता तर पठाणकोटावर भागलं असतं. ते तर कटाशिवायच मिळत होतं.

तरीही संशय का टिकतो, याची कारणं खरी आहेत. रॅडक्लिफनी आपली कागदपत्रं नष्ट केली. आयोगाचे दोन मुस्लिम आणि दोन बिगरमुस्लिम सदस्य सरळ दोन गटांत विभागले गेले, त्यामुळं निर्णय एकट्या रॅडक्लिफचा राहिला. त्या चौघांतले मेहरचंद महाजन मूळचे कांगड्याचे, गुरदासपुरात वकिली केलेले, आणि ऑक्टोबर १९४७ मध्ये तेच जम्मू-काश्मीरचे पंतप्रधान झाले. कुणाच्याही भुवया उंचावतील. पण ज्यांना खरंच कुठं रेषा हलली ते शोधायचं आहे, त्यांनी गुरदासपूर सोडून फिरोजपूरच्या हेडवर्क्सकडे, म्हणजे कालव्यांत पाणी सोडणाऱ्या बंधाऱ्याकडे बघावं. तिथून निघणाऱ्या कालव्यावर बिकानेर संस्थानची शेती अवलंबून होती, बिकानेरच्या महाराजांनी त्यासाठी दिल्लीत धावाधाव केली होती, आणि ८ ऑगस्टच्या नकाशातला बदल तिथलाच आहे.